विश्लेषण : अस्खलित अरबी येत असूनही पुढची ३४ वर्षं अरबीच शिकत राहिलेला माणूस, कोण होते एडवर्ड लेन?

१८३० च्या दशकात कैरोच्या गल्ल्यांमध्ये मन्सूर एफेंदी नावाचा एक माणूस राहायचा. डोक्याला पागोटं, अंगात तुर्की पद्धतीचा पायघोळ पोशाख. जेवायला बसला की उजव्या हाताने जेवायचा, पुस्तकविक्यांशी तासन् तास गप्पा मारायचा, मशिदीत गेला तर इतरांसारखाच वागायचा. बोलणं असं की अनेकांना तो तिथलाच वाटे, फार तर तुर्की. प्रत्यक्षात तो इंग्लंडच्या हेरफर्ड शहरातल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा होता. त्याचं खरं नाव एडवर्ड विल्यम लेन.

इतकी भाषा आली की बहुतेक माणसं शिकणं थांबवतात. लेन यांचं खरं शिकणं मात्र त्यानंतर सुरू झालं. १८४२ साली, वयाच्या चाळिशीत, ते पुन्हा अरबी शिकायला बसले आणि १८७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत उठले नाहीत. त्यातून आठ खंडांचा, तीन हजारांहून जास्त पानांचा अरबी-इंग्रजी कोश तयार झाला. जुनी अरबी वाचणाऱ्या कोणालाही आजही तो उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तरीही तो कोश अपुरा आहे.

भाषा 'येते' इथपासून भाषा 'कळते' इथपर्यंत अंतर किती असतं, ते कापायला काय लागतं आणि त्यात कोणाकोणाचा हात असतो, हे समजून घ्यायला लेन यांच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

कोरीवकाम सोडून इजिप्तला का गेले?

लेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १८०१ चा. ते तेरा वर्षांचे होण्याआधी किंवा त्या सुमारास, म्हणजे १८१४ मध्ये, वडील गेले. मुलगा गणितात हुशार होता, केंब्रिजला जाण्याचं घाटत होतं. पण तो बेत सोडून त्यांनी लंडनची वाट धरली आणि मोठ्या भावासोबत चित्रं कोरून छापण्याच्या धंद्यात उमेदवारी सुरू केली. तांब्याच्या पत्र्यावर वाकून दिवसभर बारीक रेघा कोरायच्या, असं ते काम. डोळे आणि छाती दोन्हींवर ताण. लेन यांची छाती आधीपासूनच नाजूक होती आणि लंडनची थंड, धुरकट हवा त्यांना मानवेना.

नेपोलियनच्या स्वारीनंतर तेव्हा युरोपात इजिप्तचं वेड होतं. लेनही त्यात सापडले. १८२२ च्या आसपास त्यांनी लंडनमध्येच स्वतःहून अरबी शिकायला सुरुवात केली. विद्यापीठ नाही, पदवी नाही, दिवसा कोरीवकाम आणि उरलेल्या वेळात व्याकरण. जुलै १८२५ मध्ये ते जहाजाने निघाले आणि सप्टेंबरमध्ये अलेक्झांड्रियाला उतरले.

पहिल्या मुक्कामात ते साधारण तीन वर्षं राहिले. नाईल नदीतून दोनदा दुसऱ्या धबधब्यापर्यंत जाऊन आले. देवळं, थडगी, पिरॅमिड यांची शेकडो चित्रं काढली. त्यासाठी 'कॅमेरा ल्युसिडा' नावाचं उपकरण वापरलं. समोरच्या दृश्याचं प्रतिबिंब कागदावर दिसावं आणि त्यावरून रेघ ओढता यावी, अशी त्याची रचना असते. लंडनला परतल्यावर त्यांनी इजिप्तचं सविस्तर वर्णन करणारं जाडजूड पुस्तक लिहिलं. पण एवढी चित्रं छापायचा खर्च कोणी प्रकाशक उचलेना. ते पुस्तक छापून आलं २००० साली, कैरोतल्या अमेरिकन विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेकडून. लेन यांना जाऊन तेव्हा १२४ वर्षं झाली होती.

त्यातल्या इजिप्तच्या लोकांविषयीच्या भागाचं नशीब मात्र चांगलं निघालं. उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने तेवढाच भाग वाढवून मागितला. त्यासाठी लेन १८३३ च्या अखेरीला पुन्हा कैरोत गेले. या वेळी त्यांनी अरबी आणि इस्लामी धर्मशास्त्र शिकवायला दोन विद्वान पगार देऊन ठेवले. आपली टिपणं ते त्यांना दाखवून घेत. १८३५ मध्ये प्लेगची मोठी साथ आली तेव्हा काही काळ दक्षिणेला थेब्जच्या अवशेषांमध्ये जाऊन राहिले. १८३६ च्या शेवटी पुस्तक आलं : आधुनिक इजिप्शियन लोकांच्या रीतिरिवाजांचा वृत्तांत. पहिली आवृत्ती दोन आठवड्यांत संपली.

मग आली अरबी कथांची, म्हणजे 'एक हजार एक रात्रीं'ची इंग्रजी आवृत्ती. ती १८३८ ते १८४० या काळात निघाली. मराठीत याच कथा एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्यामुळे पोहोचल्या, त्याही इंग्रजीच्या वाटेने. लेन यांच्या भाषांतरात गोष्टींइतक्याच टीपा महत्त्वाच्या आहेत. कपडे, लग्न, जादूटोणा, कॉफी, सगळ्यांवर टीपा. मात्र कुटुंबात मोठ्याने वाचता येणार नाहीत असे प्रसंग त्यांनी सरळ गाळून टाकले. विद्वान म्हणून ते काटेकोर होते, पण होते व्हिक्टोरियन काळातलेच.

बोलता येत होतं, मग अडत कुठे होतं?

इथे थोडं थांबून अरबीची अडचण समजून घेऊ.

अरबी शिकणाऱ्याला एकाच नावाखाली दोन भाषा शिकाव्या लागतात. घरात, रस्त्यावर बोलतात ती 'आम्मिया', म्हणजे त्या त्या प्रदेशाची बोली. लिहितात, प्रवचनात आणि आता बातम्यांत वापरतात ती 'फुस्हा', प्रमाण भाषा. त्याच्याही मागे जुन्या कवितेची, कुराणाची, कायद्याच्या ग्रंथांची अरबी आहे. मंडईत सराईतपणे भाव करणाऱ्या परक्या माणसाच्या हाती एकदम ज्ञानेश्वरी दिली तर त्याचं काय होईल, तसंच काहीसं. शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ हाती लागत नाही.

दुसरी अडचण शब्दांच्या घडणीची. बहुतेक अरबी शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून होतात. धातू तोच ठेवून त्याला वेगवेगळ्या साच्यांत ओतायचं की नवे शब्द मिळतात. याचं उदाहरण शोधायला कैरोला जायची गरज नाही, तहसील कचेरी पुरेशी आहे. ह-स-ल हा अरबी धातू घ्या. हाती येणं, जमा होणं हा त्याचा अर्थ. त्यापासून जे हाती आलं ते 'हासिल', आणि मराठीत आपण विचारतो त्यातलं 'काय हशील?' वसूल करण्याची क्रिया ती 'तहसील'. वसूल झालेलं ते 'महसूल'. आपल्या जिल्ह्याच्या कारभारातले दोन मोठे शब्द आणि रोजच्या बोलण्यातला एक, तिन्ही एकाच मुळाचे. हुकूम, हाकीम आणि हिकमत ही अशीच भावंडं.

सुरुवातीच्या विद्यार्थ्याला ही रचना फार आवडते. गणितासारखी वाटते. एक धातू आणि दहा-पंधरा साचे पाठ केले की हजारो शब्द आपोआप मिळतील असं वाटायला लागतं. मधल्या टप्प्यावर भ्रमनिरास होतो, कारण साच्यातून शब्दाचा अंदाज येतो, पण नेमका अर्थ वापराने ठरलेला असतो. तो नियमाने काढता येत नाही. अमुक टोळीच्या कवीने तो शब्द उंटाबद्दल वापरला, अमुक न्यायशास्त्र्याने कराराबद्दल, आणि तिसऱ्याने दोन्ही चूक म्हणून सांगितलं, हे माहीत असावं लागतं.

लेन यांच्या वेळी यासाठी युरोपात कोश होते का? होते. १६५३ मध्ये हॉलंडच्या गोलियस यांनी लॅटिनमध्ये अरबी कोश काढला होता, १८३० च्या दशकात जर्मनीच्या फ्रायटाग यांनी. पण लेन यांना ते पुरेनात. त्यांना ठाऊक होतं की अरबांनी स्वतः आपल्या भाषेचे प्रचंड कोश शतकानुशतकं आधी करून ठेवले आहेत. इब्न मन्झूर यांचा 'लिसान अल-अरब' १२९० चा, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी झाली त्याच वर्षीचा. त्यानंतर फिरोझाबादी यांचा 'अल-कामूस'. आणि या सगळ्यांना पोटात घेणारा 'ताज अल-अरूस', म्हणजे वधूचा मुकुट. तो अठराव्या शतकात कैरोमध्ये मुर्तझा अल-झबिदी यांनी पूर्ण केला. या झबिदींचा जन्म १७३२ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातल्या बिलग्रामचा. अरबी भाषेचा सर्वांत मोठा पारंपरिक कोश करणारा माणूस भारतात जन्मला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते.

हे कोश वाचणं हीच एक परीक्षा होती. त्यांत शब्द पहिल्या अक्षराने लावलेले नसून धातूच्या शेवटच्या अक्षराने लावलेले असतात. ह-स-ल शोधायचा तर 'ल'च्या प्रकरणात जायचं. एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या तितक्याच अवघड शब्दाने सांगितलेला. मधेमधे कवितांचे तुकडे आणि व्याकरणकारांची भांडणं. आणि 'ताज' तर तेव्हा पूर्ण छापलेलाच नव्हता, हस्तलिखितातच होता.

लेन यांनी ठरवलं ते असं : या अरबी कोशांतलं सगळं काढायचं, पडताळायचं, पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावायचं आणि इंग्रजीत मांडायचं. प्रत्येक अर्थापुढे तो कोणत्या कोशातून घेतला त्याची खूण द्यायची.

खर्च कोणी केला?

पैशाशिवाय हे होणार नव्हतं. लेन यांच्याकडे स्वतःची संपत्ती नव्हती. इजिप्तमध्ये ओळख झालेले लॉर्ड प्रुडो पुढे आले. नौदलातला हा अधिकारी १८४७ मध्ये नॉर्थम्बरलंडचा ड्यूक झाला. कोशाचा मुख्य भार त्यांनी उचलला. १८६५ मध्ये ते वारले, तर त्यांच्या पत्नीने मदत चालू ठेवली. ब्रिटिश सरकारकडूनही काही पैसे मिळाले. ज्या कामातून दहा-वीस वर्षं एक पानही छापून येणार नाही, त्याला इतकी वर्षं पैसे देत राहणारा आश्रयदाता मिळाला, हे लेन यांचं मोठं नशीबच म्हणायचं.

जुलै १८४२ मध्ये लेन तिसऱ्यांदा इजिप्तला निघाले. या वेळी सोबत कुटुंब होतं. पत्नी नफीसा ही मूळची ग्रीक. लहानपणी गुलामांच्या बाजारात विकली गेलेली ही मुलगी पहिल्या मुक्कामाच्या अखेरीला लेन यांच्याकडे आली होती आणि १८४० मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी तिच्याशी लग्न केलं. शिवाय बहीण सोफिया पूल आणि तिची दोन मुलं. भावाला ज्या जनानखान्यांत पाऊल टाकता येत नव्हतं तिथे सोफिया गेल्या. त्यांनी कैरोतल्या बायकांच्या आयुष्याबद्दल पत्ररूपात पुस्तक लिहिलं, तेही गाजलं. नफीसा यांनी स्वतः मात्र काही लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या वाट्याला आलेलं आयुष्य आपल्याला कायम दुसऱ्यांच्या तोंडूनच कळतं.

दसूकी नसते तर?

कैरोत पोहोचल्यावर लेन यांना सगळ्यांत आधी हवी होती 'ताज अल-अरूस'ची विश्वासार्ह प्रत. अल-अझहरजवळच्या मुहम्मद बे यांच्या मशिदीच्या ग्रंथालयात ती होती. पण ग्रंथ एकदम बाहेर न्यायला परवानगी नव्हती. थोडा थोडा भाग मिळायचा, तो उतरवून परत द्यायचा आणि पुढचा मागायचा. हे काम एखाद्या लेखनिकाचं नव्हतं, कारण शब्द न कळता उतरवणारा माणूस एका नुक्त्याने अर्थ बदलून टाकतो. अरबीत एक टिंब इकडचं तिकडे झालं की अक्षरच वेगळं होतं.

हे काम ज्यांनी केलं ते शेख इब्राहिम अल-दसूकी. लेन यांचे मित्र, फ्रेंच विद्वान फुल्जॉन्स फ्रेनेल यांच्यामुळे दोघांची गाठ पडली. दसूकी अझहरमध्ये शिकलेले होते आणि सरकारी अभियांत्रिकी शाळेसाठी छापल्या जाणाऱ्या अरबी पुस्तकांची भाषा तपासण्याचं काम करत. युरोपीय विज्ञानाची पुस्तकं तेव्हा अरबीत येत होती आणि त्यांतला प्रत्येक शब्द बरोबर आहे का हे पाहणारा माणूस लागायचा. म्हणजे शब्दांवर शंका घेणं हा त्यांचा पोटापाण्याचाच धंदा होता.

दसूकी 'ताज' उतरवत आणि मूळ प्रतीशी ताडून पाहत. मग दोघं मिळून तो मजकूर वाचत. अडलेल्या जागी थांबायचं, इतर कोश काढायचे, वाद घालायचा, ठरवायचं. काम अर्धवट असतानाच १८४९ मध्ये लेन इंग्लंडला परतले. राहिलेला मजकूर त्यानंतरही कैरोत उतरवला जात होता आणि इंग्लंडला पाठवला जात होता. सगळी नक्कल पूर्ण व्हायला १३ वर्षं लागली. तिचे २४ जाड खंड झाले.

दसूकींनी पुढे या इंग्रज माणसाबरोबरच्या दिवसांची हकीकत लिहिली. ती इजिप्तचे मंत्री आणि इतिहासकार अली मुबारक यांच्या मोठ्या ग्रंथात आहे. त्यामुळे या जोडीची दुसरी बाजूही आपल्याला मिळते आणि असं फार कमी वेळा घडतं. युरोपीय माणसाने पौर्वात्य भाषेचा कोश केला की मुखपृष्ठावर त्याचं नाव येतं. शेजारी बसून प्रत्येक शब्द सोडवून देणारा पंडित प्रस्तावनेत एका परिच्छेदापुरता उरतो, किंवा तेवढाही नाही. मराठीचंच पाहा. १८३१ चा आणि सुधारून १८५७ मध्ये पुन्हा निघालेला मराठी-इंग्रजी कोश आपण मोल्सवर्थच्या नावाने ओळखतो. त्यासाठी राबलेल्या शास्त्रीमंडळींची नावं किती जणांना सांगता येतील? जाता जाता, याच मोल्सवर्थने मराठीतल्या अरबी-फारशी शब्दांपुढे त्यांच्या मुळाच्या खुणा दिल्या आहेत. महसूल आणि तहसील यांचा माग तिथूनही काढता येतो.

दिवसाचे बारा-चौदा तास

तिसऱ्या मुक्कामातला लेन यांचा दिनक्रम वाचला तर हा तोच मन्सूर एफेंदी का, असा प्रश्न पडतो. पूर्वी बाजार, जत्रा, लग्नं, मिरवणुका पाहत हिंडणारा माणूस आता घराबाहेर पडेनासा झाला. सकाळच्या न्याहारीपासून रात्रीपर्यंत काम, दिवसाला बारा ते चौदा तास. व्यायाम म्हणजे घराच्या गच्चीवर फेऱ्या. भेटीगाठी शुक्रवारी. सात वर्षांत सुट्टी म्हणावी अशी एकच, पिरॅमिडजवळ घालवलेले तीन दिवस.

भाषा शिकायची तर लोकांत मिसळा, हा सल्ला आज प्रत्येक ॲप आणि प्रत्येक शिकवणी देते. तो खोटा नाही. लेन यांचे पहिले दोन मुक्काम त्याच सल्ल्याचे आहेत. पण तिसऱ्या मुक्कामात त्यांना जे हवं होतं ते रस्त्यावर मिळणार नव्हतं. आठव्या शतकातल्या व्याकरणकाराने एखाद्या क्रियापदाचा काय अर्थ घेतला, हे कैरोतला कोणताही दुकानदार सांगू शकत नव्हता. त्यासाठी बैठकच हवी होती. हे मिसळणंही बैठकीच्या कामी आलं असणार. जिवंत अरबी कानात इतकी मुरली नसती तर दसूकींशी अरबीतून शब्दाशब्दावर वाद घालणं त्यांना जमलं नसतं.

इंग्लंडला परतल्यावर १८५१ पासून ते समुद्रकाठच्या वर्दिंग गावात राहिले आणि तिथेच शेवटपर्यंत. तिथेही तोच क्रम. रविवार तेवढा कोशाला सुट्टी, त्या दिवशी ते हिब्रू बायबल वाचत.

पहिला खंड आला १८६३ मध्ये. काम सुरू करून २१ वर्षं झाली होती. दुसरा १८६५ मध्ये, यातच आपला ह-स-ल येतो. तिसरा १८६७ मध्ये, चौथा १८७२ मध्ये, पाचवा १८७४ मध्ये. मान-सन्मानही येऊ लागले. १८६४ मध्ये फ्रान्सच्या इन्स्टिट्यूटने त्यांना सदस्य करून घेतलं, १८७५ मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेल्या माणसाला ती पदवी अरबी अभ्यासाच्या युरोपातल्या सर्वांत जुन्या केंद्रांपैकी एकाकडून मिळाली.

१० ऑगस्ट १८७६ रोजी लेन यांचं निधन झालं, वयाच्या ७४ व्या वर्षी. कोशाचं काम 'काफ'मध्ये होतं. अरबी वर्णमालेतल्या २८ अक्षरांपैकी हे २१ वं.

मग राहिलेल्या अक्षरांचं काय झालं?

अरबीत 'क'सारखी दोन अक्षरं आहेत. एक घशातून उच्चारायचं, ज्यात 'कलम' येतं आणि 'कामूस' येतो. लेन पोहोचले ते इथवर. त्यापुढचं साधं 'क'. त्यात काय येतं पाहा : 'किताब' म्हणजे पुस्तक, 'कलिमा' म्हणजे शब्द. त्याच्यानंतरच्या 'ल'मध्ये 'लिसान' म्हणजे जीभ आणि भाषा, 'लुगा' म्हणजेही भाषा. अरबीच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थी जे शब्द शिकतो, नेमके तेच या महाकोशाच्या न झालेल्या भागात राहिले.

उरलेले तीन खंड लेन यांच्या बहिणीचे नातू स्टॅन्ली लेन-पूल यांनी काढले. औरंगजेब आणि बाबर यांच्यावरच्या पुस्तकांमुळे हे नाव इतिहासाच्या वाचकांना ओळखीचं असेल. लेन यांच्या टिपणांवरून जमेल तेवढं जुळवत त्यांनी १८९३ मध्ये आठवा खंड पूर्ण केला. पण फरक उघड दिसतो. आधीच्या खंडांत एकेका धातूला पानंच्या पानं दिलेली आहेत. शेवटच्या भागात काही ठिकाणी दोन-चार ओळींवर भागवलेलं आहे. शिवाय मूळ योजना दोन भागांची होती. नेहमीचे शब्द पहिल्या भागात, दुर्मीळ शब्द दुसऱ्यात. दुसरा भाग कधी झालाच नाही.

लेन यांच्यावर टीकाही झाली आहे आणि ती टाळून चालणार नाही. एडवर्ड सैद यांनी १९७८ च्या 'ओरिएंटॅलिझम' या ग्रंथात लेन यांच्या वेषांतराकडे बोट दाखवलं. दुसऱ्यांच्या समाजात त्यांच्यातलाच एक म्हणून शिरायचं, मैत्री करायची आणि टिपणं मात्र बाहेरच्यांसाठी काढायची, यात एक प्रकारची फसवणूक आहे, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी मूळच्या इजिप्तच्या अभ्यासक लैला अहमद यांचं लेन यांच्यावरचं पुस्तक आलं. त्यांना लेन जास्त प्रामाणिक, इजिप्तच्या लोकांबद्दल खरी आस्था असणारे दिसले. रीतिरिवाजांच्या पुस्तकापुरती सैद यांची टीका वजनदार आहे. कोशाला ती तितकीशी लागू होत नाही, कारण तिथे लेन स्वतःच्या नजरेने फारसं काही सांगतच नाहीत. प्रत्येक ओळीला अरबी ग्रंथकाराचा आधार आहे, आणि तो न मिळाला तर ओळच नाही.

आज अरबी शिकणारा विद्यार्थी मधल्या टप्प्यावर बहुधा हान्स वेअर यांचा विसाव्या शतकातला कोश वापरतो. तो एकाच खंडाचा, हाताशी ठेवायला सोपा, आधुनिक लिखाणासाठी पुरेसा. जुनी कविता किंवा जुना ग्रंथ हाती घेतला की वेअर अपुरा पडतो आणि लेन उघडावा लागतो. स्वामित्व हक्क कधीच संपलेला असल्याने तो फोनवरही फुकट मिळतो. ज्या पानांसाठी दसूकी मशिदीत खेपा घालत होते, त्यांतला धातू आता तीन अक्षरं टाइप करून दिसतो.

साध्या 'क'पासून मात्र अजूनही अडतं. जर्मन अभ्यासकांनी विसाव्या शतकात हेच लक्षात घेऊन अभिजात अरबीचा नवा कोश हाती घेतला. सुरुवात त्यांनी पहिल्या अक्षरापासून केली नाही. जिथे लेन यांची लेखणी थांबली होती त्याच्या पुढच्या अक्षरापासून, म्हणजे 'किताब'च्या 'क'पासून केली. पहिला खंड १९७० मध्ये पूर्ण झाला. २००९ मध्ये काम थांबलं तेव्हा फक्त दोन अक्षरं झाली होती, 'क' आणि 'ल'.